पाच काळ्या पट्ट्या, तीन मिनिटांची तबकडी

पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्या थोडा वेळ विसरून जा. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात, आधी दोघींची जोडी आणि मग तिघींचा गट. वादक त्यांना काळी एक, काळी दोन असं पाचपर्यंत मोजतात. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्याच पट्ट्या ओळीनं वर वाजवत जा. सा, रे, ग, प, ध असे पाच शुद्ध स्वर मिळतील. हे भूपाचे स्वर. संगीताच्या क्लासात पहिल्या वर्षी जो राग शिकवतात, तो हा.

आता पट्ट्या त्याच ठेवा, सा तेवढा काळी पाचवर न्या. मघाचा गंधार आता षड्ज झाला. वर चढताना कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद लागतात. हा मालकंस. भूपाचा मोकळेपणा गेला आणि मध्यरात्र आली. काळी एकला सा केलात तर दुर्गा, काळी दोनला केलात तर धानी. काळी चारवरून निघालात तर मधमाद सारंग, आणि मेघाचे स्वरही तेच. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात.

या पट्ट्यांवर हिंदी चित्रपटाची किती तरी गाणी बसलेली आहेत. 1964 सालच्या व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’चं शीर्षकगीत दुर्गा रागातलं, संगीतकार रामलाल. ते किशोरी आमोणकरांनी गायलंय हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. ‘हम दोनों’मध्ये जयदेव यांनी बांधलेलं ‘प्रभु तेरो नाम’ हे भजन धानीतलं. ‘बैजू बावरा’तलं ‘मन तडपत’ मालकंसातलं, आणि ‘नवरंग’मधलं सी. रामचंद्रांचं ‘आधा है चंद्रमा’ही मालकंसातलंच. एवढं समजलं की माणसाला वाटतं, राग कळला. स्वर मोजायचे, तक्त्यात बघायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. रागांवर आधारित गाण्यांच्या याद्या अशाच तयार होतात आणि पाठही होतात.

अडचण अशी की राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे.

याचा पुरावा भूपाच्याच घरात आहे. देसकार नावाचा राग आहे. त्याचेही स्वर सा, रे, ग, प, ध. पाचही शुद्ध, एक कमी नाही की एक जास्त नाही. पेटीवर त्याच पाच काळ्या पट्ट्या. तरीही भूप संध्याकाळनंतरचा आणि देसकार सकाळचा. विष्णू नारायण भातखंडे यांनी तर दोघांना वेगळ्या थाटांत बसवलं, भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात. फरक आहे तो चालण्यात. भूपाचा जीव गंधारावर. त्याचा वावर सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, षड्जाभोवती. तो खाली मंद्र धैवतापर्यंत जाऊन येतो, गंधारावर निवांत बसतो, पंचमाला शिवून परत गंधारावर येतो. देसकार धैवतावर उभा असतो. तिथून पंचमावर येतो, पुन्हा धैवताकडे झेपावतो, वरच्या षड्जाला हात लावतो. रिषभाला तो जेमतेम ओळख देतो. गवई देसकार गाताना चुकून रिषभावर रेंगाळला, तर समोरच्या रांगेतली जाणती मंडळी एकमेकांकडे बघतात. भूप डोकावला ना!

आता सुधीर फडके यांचं ‘ज्योति कलश छलके’ घ्या. 1953 साली आलेल्या ‘वहिनींच्या बांगड्या’ या मराठी चित्रपटाची हिंदी आवृत्ती म्हणजे 1961 चा ‘भाभी की चूड़ियां’. गीत पंडित नरेंद्र शर्मांचं, आवाज लता मंगेशकरांचा. बहुतेक याद्यांत या गाण्यापुढे ‘भूपाली’ असं लिहिलेलं सापडेल. स्वर मोजणाऱ्याला दुसरं काही सापडणारही नाही. पण गाणं ऐकताना स्वर कुठे थांबतोय, कशावर जोर पडतोय हे बघा. चाल वरच्या अंगानं खेळते, धैवताला मान देते आणि उजळत जाते. शब्द पहाटेचे आहेत. फडके कोल्हापुरात वामनराव पाध्यांकडे रीतसर शिकलेले. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणातलं पहिलंच गीत त्यांनी भूपात बांधलं होतं. भूप काय असतो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पहाटेच्या गाण्याला त्यांनी देसकाराची वाट दिली, असं माझं मत आहे. याद्या करणाऱ्यांशी या बाबतीत मी भांडायला तयार आहे.

‘हे गाणं कोणत्या रागातलं?’ हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. संगीतकारानं त्या रागातलं काय घेतलं आणि काय सोडून दिलं, हे विचारलं तर पुष्कळ काही हाती लागतं.

सोडावं लागायचंच, कारण वेळ नव्हता. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं हिंदुस्थानातलं संगीत लाखेच्या तबकडीवर साठवलं गेलं. मिनिटाला 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं वाजे. मैफिलीत पाऊण तास चालणारा ख्याल गायकांना त्यात कोंबावा लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग उभा करून दाखवला तो याच तबकड्यांवर. म्हणजे रागाला छाटण्याचं पाप चित्रपटानं पहिल्यांदा केलं हा आरोप चुकीचा आहे. चित्रपट बोलू लागला 1931 मध्ये. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं खुद्द खाँसाहेब आणि बाई हे काम करत होत्या.

छाटताना काय उरलं? उरली बंदिश. ख्यालाची चीज मुळात असतेच किती, तर दोनचार ओळींची. अस्ताई आणि अंतरा. अस्ताई मध्य सप्तकात फिरून समेवर येते, अंतरा तार षड्जाला भिडतो आणि खाली उतरून पुन्हा मुखड्याला मिळतो. चित्रपटगीताचा सांगाडा हाच आहे, मुखडा आणि अंतरे. अंतऱ्याला आवाज वर चढतो तो याच जुन्या सवयीनं. मैफिलीत अस्ताई आणि अंतऱ्याच्या मधल्या जागेत आलाप, बोलआलाप, सरगम, ताना येतात. तीच रागाची बढत. चित्रपटानं ही जागा रिकामी केली. तिथे जास्तीचे शब्द आणि व्हायोलिनचे म्युझिक पीस भरले.

मराठी माणसाला हा सांगाडा नवा नव्हता. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, आणि ‘नाथ हा माझा’सारख्या पदातून यमन, ‘सुजन कसा मन चोरी’तून भूप गिरणगावातल्या चाळीपर्यंत पोहोचले. फरक एवढाच, की नाटकात वन्स मोअर होता. बालगंधर्वांचं एकेक पद रंगलं तर रात्र सरे, पण प्रेक्षक हलत नसत. चित्रपटात वन्स मोअर द्यायला कोण बसलंय? प्रभातनं 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा संगीत टेंब्यांचंच होतं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पाठोपाठ केशवराव भोळे आले, भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव आले. रंगभूमीवर ऐसपैस पसरलेला राग या मंडळींनी फुटांत मोजलेल्या फिल्मवर आणला. त्यासाठी कात्री कुठे चालवायची हे कळणं हेच कौशल्य होतं.

मग 1952 साल उजाडलं. या सालाची गंमत वेगळीच आहे.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या वर्षी केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. चित्रपटगीतांनी लोकांचे कान बिघडवलेत असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आधी आटली, मग जवळजवळ दिसेनाशी झाली. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ही त्यांची मोठी देणगी. पण श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढून सरकारला सिनेमाची गाणी परत बोलवावी लागली. ज्या वर्षी शास्त्रीय संगीताच्या नावानं चित्रपटगीतांवर संक्रांत आली, त्याच वर्षी विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. त्यात मालकंस, दरबारी, देसी, भैरवी, तोडी असे राग ओळीनं होते आणि रस्त्यावरचा माणूस ते गुणगुणू लागला. मंत्र्यांना जे साधायचं होतं, ते ज्याला त्यांनी दार बंद केलं त्यानंच करून दाखवलं.

संगीतकार नौशाद लखनौचे. ‘बैजू बावरा’च्या कथेचा कळस म्हणजे अकबराच्या दरबारातला तानसेन आणि बैजूचा सामना. नौशादनी तानसेनासाठी अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णू पलुसकरांचा आवाज घेतला. पलुसकर म्हणजे विष्णू दिगंबरांचे चिरंजीव. जन्म नाशिकचा, 1921 चा. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1955 मध्ये ते गेले. अमीर खाँ म्हणजे अतिविलंबित लयीचे बादशहा. झुमरा तालाच्या एकेका आवर्तनात ते ऐकणाऱ्याला हरवून टाकत. त्यांना इथे काही मिनिटांत देसी मांडायचा होता, तोही हरणाऱ्याच्या बाजूनं. दोघांनीही सिनेमावाल्यांसाठी म्हणून हात राखून गायलेलं नाही. देसीची वक्र वाट दोघे धरून चालतात, ताना दाणेदार पडतात, आणि सामना आहे हे ऐकणाऱ्याला शब्द न कळताही समजतं. इतकी सच्ची जुगलबंदी हिंदी चित्रपटात मला दुसरी माहीत नाही. 1956 च्या ‘बसंत बहार’मध्ये शंकर–जयकिशन यांनी भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांना समोरासमोर बसवलं. पडद्यावर भीमसेनांना हरवायचं होतं मन्नादांनी. हे ऐकल्यावर आपण मुंबई सोडून पळायला निघालो होतो आणि पत्नीनं रोखलं, असं मन्नादा पुढे मोकळेपणानं सांगत. ते गाणंही उत्तम, पण तिथे सिनेमा थोडा जास्त आहे.

‘बैजू बावरा’तलंच ‘ओ दुनिया के रखवाले’ मात्र मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. राग दरबारी कानडा. दरबारी हा मंद्र सप्तकाचा राग. गायक खाली उतरतो, कोमल गंधार आणि कोमल धैवत हलकेच झुलवतो, एकेका स्वरावर मुक्काम करतो. गंधाराचं ते आंदोलन पेटीवर वाजतच नाही. ते दोन पट्ट्यांच्या मधलं आहे. पेटीला नाकं मुरडणाऱ्यांचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा. याच स्वरांचा दुसरा राग आहे अडाणा. तो वर राहतो. चपळ आणि तार षड्जाला चिकटलेला. दरबारी गाताना गायक वर जास्त रमला तर अडाण्याच्या हद्दीत शिरतो.

रफींचं गाणं सुरू होतं दरबारीच्या भारदस्तपणानं. पुढे देवाला जाब विचारणारा बैजू संतापतो तसा आवाज चढत जातो, आणि शेवटी रफी अशा उंचीवर जातात की तिथे दरबारीनं फारसा पाय ठेवू नये. शास्त्राच्या परीक्षेत इथे गुण कापले जातील. पण नायकाचा ऊर फुटतोय त्या क्षणी मंद्र सप्तकात शांतपणे गंधार झुलवणं हा चित्रपटाचा खून झाला असता. नौशादनी प्रसंगाची बाजू घेतली. बरोबर केलं. आणि अडाणा जिथे खरोखर हवा होता तिथे तो वसंत देसाईंनी घेतला. 1955 च्या ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत अडाण्यातलं आहे, गायक पुन्हा अमीर खाँच. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली तर दरबारी आणि अडाण्याचं नातं पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा लवकर समजेल.

रागाला रस ठरलेला असतो, अमुक राग करुण आणि तमुक शृंगाराचा, असं आपण ऐकत आलोय. चित्रपटसंगीत या समजाला सुरुंग लावतं. भूपाचा गंधार कोमल करा. मघाच्या पेटीवर काळी पाचऐवजी तिच्या डावीकडची पांढरी घ्या. शिवरंजनी होईल. ‘मेरा नाम जोकर’मध्ये मुकेश यांनी गायलेलं ‘जाने कहां गये वो दिन’ या रागातलं. त्याच्याइतकं उदास गाणं शोधावं लागेल. चार वर्षं आधी, 1966 च्या ‘सूरज’मध्ये रफींनी ‘बहारों फूल बरसाओ’ गायलं, तेही शिवरंजनीचंच. पुढची कित्येक वर्षं बँडवाल्यांनी ते प्रत्येक वरातीत वाजवलं. दोन्हींचे संगीतकार शंकर–जयकिशन आणि दोन्हींचे गीतकार हसरत जयपुरी. म्हणजे कलावंत बदलले म्हणून भाव बदलला असंही म्हणता येत नाही. बदललं ते लय, ठेका आणि स्वरावर थांबण्याचं माप. वेदनेच्या गाण्यात कोमल गंधारावर मुकेश रेंगाळतात. वरातीच्या गाण्यात तोच गंधार जाताजाता लागतो, आणि त्याचं दुःख होण्याआधी पुढचा स्वर आलेला असतो.

रोशन यांनी हा खेळ यमनात केला. रोशन लखनौच्या मॅरिस कॉलेजात श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाताखाली शिकले. रातंजनकर भातखंड्यांचे शिष्य, त्यामुळे यमनाचं व्याकरण रोशनकडे मुळातूनच आलं होतं. 1960 च्या ‘बरसात की रात’मधलं रफींचं पावसाळी रात्रीचं गाणं, 1963 च्या ‘दिल ही तो है’मधली आशा भोसल्यांची नखरेल कव्वाली ‘निगाहें मिलाने को’, आणि 1964 च्या ‘चित्रलेखा’तलं वैराग्याचं ‘मन रे’ ही तिन्ही यमन कल्याणच्या घरातली. तिन्हींचे शब्द साहिर लुधियानवींचे. ‘मन रे’मध्ये रोशननी यमनातली घाई काढून टाकली. तीव्र मध्यमाची धार मींडेत गुंडाळली, वाद्यं कमीत कमी ठेवली. कव्वालीत तोच यमन टाळ्यांवर उडतो. माझ्या कानाला ‘मन रे’ ही चित्रपटातल्या यमनाची सगळ्यात वरची पायरी वाटते. अर्थात, यमनावर इतकी चांगली गाणी आहेत की दुसरा कोणी दुसरं नाव घेईल आणि तेही बरोबर असेल.

रागाच्या वेळेचं काय झालं? चित्रपटानं ती मानलीच नाही. थिएटरचा खेळ दुपारी तीनचा असो की रात्री नऊचा, गाणं तेच. वसंत देसाईंनी 1971 च्या ‘गुड्डी’साठी एक प्रार्थना बांधली, ‘हमको मन की शक्ति देना’. राग केदार. केदार हा रात्रीचा राग. शाळाशाळांनी ही प्रार्थना उचलली आणि लाखो मुलं सकाळी रांगेत उभी राहून केदार गाऊ लागली. कोणाला दोष लागल्याचं ऐकिवात नाही. याच चित्रपटात वाणी जयराम यांनी गायलेलं ‘बोले रे पपीहरा’ आहे, मियाँ मल्हारातलं. कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद शेजारी ठेवून ढगांचा घुमारा काढायची मियाँ मल्हाराची खूण त्यात स्वच्छ ऐकू येते. देसाई मूळचे कुडाळजवळच्या सोनवड्याचे, प्रभातच्या तालमीतले. राग चित्रपटात आणताना त्याची ओळख पुसू न देणारे जे थोडे संगीतकार झाले, त्यांत त्यांचं नाव फार वर ठेवावं लागेल. त्या मानानं त्यांचं नाव घेतलं जात नाही.

भैरवीची गोष्ट निराळी. मैफिलीत ती शेवटी येते आणि ती झाली की श्रोते चपला शोधू लागतात. चित्रपटानं तिला सुरुवातीलाच आणून बसवलं. के. एल. सैगलनी 1938 च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये ‘बाबुल मोरा’ ही वाजिद अली शाहांची ठुमरी गायली. शंकर–जयकिशननी तर भैरवीला राज कपूरच्या घरचीच करून टाकली. इतकी लाडकी का, तर भैरवीत बाराही स्वरांना मुभा. चाल बांधणारा कुठेही वळला तरी कोणी हटकत नाही. म्हणूनच भैरवीतल्या गाण्यांवरून भैरवी शिकायला जाऊ नये.

आता पडद्यामागच्या एका माणसाबद्दल सांगितलं पाहिजे. चाल संगीतकाराची, पण तिच्याभोवती चाळीस व्हायोलिनं काय वाजवणार हे कागदावर लिहायचा तो अरेंजर. मुंबईत हे काम बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी केलं. सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्वीस ही त्यांतली मोठी नावं. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन शिकून आलेली ही माणसं. त्यांच्यापुढचा पेच असा. पाश्चात्त्य संगीतात सुरावटीखाली कॉर्ड असतो, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा जास्त स्वर. साधा कॉर्ड षड्ज, गंधार आणि पंचमाचा. राग मालकंस असेल तर? मालकंसात पंचम वर्ज्य. गवई तर तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा पंचमाऐवजी मध्यमाला लावून घेतो, की पंचम कानावर पडायलाच नको. आणि इथे चाळीस व्हायोलिनं पंचम धरून बसली तर मालकंस संपलाच. वाट आहे, पण चिंचोळी. मध्यम, कोमल धैवत आणि षड्ज हे तिन्ही मालकंसाचेच स्वर, त्यांचा एक कॉर्ड होतो. त्याच्या आधारानं चालायचं, नाहीतर वाद्यांना एका सुरात चालीमागे न्यायचं.

गोन्साल्वीस या पेचानं झपाटले होते. जन्म 1927 चा, गाव माजोर्डा. राग आणि सिंफनी एकत्र आणायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि 1958 मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. प्रयोग पुढे टिकला नाही. पण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालनी ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ जे नाव सांगतो ते कोणाचं, हे पुष्कळांना अजूनही ठाऊक नाही.

दक्षिणेत इलैयाराजांनी हा पेच दोन्ही बाजूंनी सोडवला. ते स्टाफ नोटेशन लिहितात आणि कर्नाटक संगीतही जाणतात. 1985 च्या ‘सिंधु भैरवी’ या के. बालचंदर यांच्या तमिळ चित्रपटात त्यांनी येसुदासांना एक गाणं दिलं, ‘कलैवाणिये’. राग कल्याणी, आपल्या यमनाचा दक्षिणेतला भाऊ. गाणं निव्वळ आरोहात बांधलंय. स्वर खालून वर जातात, उतरत्या क्रमानं एकदाही येत नाहीत. विनाउतार गाणं करून बघा, म्हणजे पहिल्याच ओळीला कळेल की हे प्रकरण काय आहे.

आपल्याकडे 2015 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आला आणि मल्टिप्लेक्सात पॉपकॉर्न खाता खाता लोकांनी ताना ऐकल्या. महेश काळे यांना त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र 1967 च्या मूळ नाटकातली एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाला संगीत जितेंद्र अभिषेकींचं. दोन घराण्यांचं वैर दाखवायचं होतं, म्हणून ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत बांधलं गेलं. नाटकातल्या पंडितजींकडे सालगवराळीत, संथ आणि ध्यानस्थ. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांच्याकडे, म्हणजे वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यात, धानीत, द्रुत आणि चमकदार. शब्दांत काना-मात्रेचाही फरक नाही, तरी दोन माणसं, दोन स्वभाव आणि दोन गायकी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कथेतलं भांडण संवादात न सांगता रागानं सांगितल्याचं याहून चोख उदाहरण मराठीत नाही.

गाण्याच्या वाटेनं रागाकडे जायचं असेल, तर याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. एक राग धरा. भूप धरलात तर किशोरीताईंचा ‘सहेला रे’ पुन्हा पुन्हा ऐका, आणि मग ‘ज्योति कलश’ लावून माझं देसकाराचं मत पटतं का ते ठरवा. नाही पटलं तरी चालेल, कान तर तयार होईल. दरबारी धरलात तर अमीर खाँसाहेबांची एक जुनी एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ती आता इंटरनेटवर फुकट मिळते. दरबारीची बाजू पूर्ण ऐका, मधे उठू नका. रफी त्यानंतर लावा.